झाड हलवावं, पण धरावं कसं?

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांची कुडाळजवळ काजूची बाग आहे, साधारण दोनशे कलमं. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मुलाने मोबाइलवर अमेरिकेतल्या बदामाच्या बागेचा व्हिडिओ दाखवला. एक ठेंगणं यंत्र येतं, झाडाचं खोड चिमट्यात पकडतं, दोन-तीन सेकंद गदागदा हलवतं आणि सगळे बदाम खाली. बघून माझ्या पोटात कालवलं. मुळं ढिली होत नसतील? झाड किती वर्षं टिकत असेल? भावोजींना मात्र यंत्र फार आवडलं. माणसं मिळत नाहीत, असलं काही काजूला चालेल का, असं त्यांनीच विचारायला सांगितलंय. (एक वाचक, मुलुंड पूर्व)

उत्तर : ताई, पोटात कालवणं अगदी साहजिक आहे. मी भांडुपच्या एका कारखान्यात ३४ वर्षं एकच काम केलं : फिरणाऱ्या यंत्रांची थरथर मोजायची आणि ती कमी करायची. पंखा थरथरला की बेअरिंग जाणार, पंप थरथरला की पाया ढिला होणार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मुद्दाम थरथर तयार करून ती जिवंत झाडाला लावायची ही कल्पनाच मला सोसत नव्हती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात मोडेस्टोला भाचीकडे गेलो होतो. जगातल्या बदामांपैकी सुमारे ८० टक्के बदाम त्या एका राज्यात होतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तिथला काढणीचा हंगाम. भाचीच्या शेजाऱ्यांची बाग होती. त्यांनी मला एक अख्खी सकाळ तिथे उभं राहू दिलं, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहून सांगतोय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. यंत्र नीट चालवलं तर मुळांना जवळपास काही होत नाही. बिघडते ती साल, आणि तीही हलण्यापेक्षा धरण्यामुळे. काजूला मात्र हे यंत्र लावू नका, याचं कारण पुढे येईल.

चिमट्याच्या आत एका अंगाला जड असलेली वजनं गरगर फिरतात. जुन्या मोबाइलमध्ये व्हायब्रेटची जी चिमुकली मोटर असायची तिच्या दांड्यावर अर्धचंद्रासारखा एक तुकडा असायचा, तोच हा प्रकार, फक्त राक्षसी आकाराचा. अशी दोन वजनं एकमेकांच्या उलट फिरवली की एका दिशेची ओढ आपापसात जिरते आणि दुसऱ्या दिशेची दुप्पट होते, खोड मागेपुढे हलतं. दोघांच्या वेगात किंचित फरक ठेवला की हलण्याची दिशा हळूहळू फिरत राहते आणि चारी बाजूंच्या फांद्यांना आपापला वाटा मिळतो. सेकंदाला साधारण १० ते २० हेलकावे, आणि खोडापाशी एकेक हेलकावा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा. व्हिडिओत भीती वाटते ती वरचा पानांचा डोलारा उसळतो म्हणून. यंत्र पुढच्या झाडाकडे गेल्यावर मी बुंध्याशी वाकून माती पाहिली. खोडाला लागून केसभर फट पडली होती, तीही एकाच बाजूला. जमीन ओली किंवा फार भुसभुशीत असेल आणि चालकाने हावरेपणाने लांबवर हलवलं तर मुळंही दुखावतात, हे खरं आहे. म्हणून एकच लांबलचक झटका देण्यापेक्षा छोटा देऊन थांबतात, गरज पडलीच तर पुन्हा एक छोटा.

आता बदाम एवढ्यात पडतो कसा? बेस्टच्या बसने करकचून ब्रेक मारला की उभा असलेला माणूस पुढे फेकला जातो. फांदी मागे खेचली जाते तेव्हा बदाम आपल्याच जडपणाने पुढे जात असतो, आणि त्या ओढाताणीत देठ सुटतो. पण तो पिकलेला असला तरच. जुलैपासून बदामाचं बाहेरचं हिरवं कवच उकलायला लागतं, देठाच्या जोडावर पेशींचा एक थर सैल होत जातो. कच्चा बदाम पाडायचा तर झाडाला कितीतरी जास्त मार द्यावा लागतो. काढणीचा दिवस चुकला की सगळा भार शेवटी खोडावर येतो.

बसचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या धंद्यातला हा कळीचा मुद्दा आहे. सिग्नलला उभ्या जुन्या बसच्या खिडक्या खडखडतात आणि चालकाने ॲक्सिलरेटर जरा दाबला की गप्प होतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. प्रत्येक वस्तूची हलण्याची आपली एक लय असते. बाहेरचा धक्का नेमक्या त्या लयीत आला की हालचाल वाढतच जाते. झाडाचंही तसंच. वजनं फिरायला लागताना आणि थांबताना यंत्र झाडाच्या त्या लयीतून जातंच, आणि त्या क्षणी खोड सगळ्यात वेडंवाकडं हिसकतं. पकड त्या वेळी ढिली असली तर गादी सालीवर घासते. मी पाहिला तो चालक चिमटा बंद करायचा, पुरता बसला याची खात्री करायचा आणि मगच वजनं फिरवायचा. शेवटी झाड पूर्ण शांत झाल्याशिवाय चिमटा उघडायचा नाही. जेमतेम दोन-तीन सेकंदांचं हलवणं, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं थांबणं त्याने एकाही झाडापाशी चुकवलं नाही.

आता सालीकडे येतो, कारण या सगळ्याचा जीव तिथेच आहे.

गुलाबावर डोळा भरणारा माळी तुम्ही पाहिला असेल. तो आधी चाकूने बारीक चीर देऊन बघतो, साल सुटते का. झाड रसात असलं की साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर ओला, बुळबुळीत असतो आणि साल नखानेसुद्धा अलगद उचलली जाते. माळ्याला हवी असते ती नेमकी हीच अवस्था, आणि खोड हलवणाऱ्या यंत्राला सगळ्यात घातक तीच. रसात असलेल्या झाडाला चिमटा लावून हलवलं तर साल मोज्यासारखी सरकते. बाहेरून कधीकधी काही दिसत नाही, पण आत लाकडापासून ती सुटलेली असते. म्हणून बदामाचे बागायतदार काढणीआधी पाणी तोडतात, हलक्या जमिनीत काही दिवस आणि भारी जमिनीत त्याहून जास्त. झाडाला थोडी तहान लागली की रस मंदावतो, साल लाकडाला घट्ट चिकटते. फार तहान लागली तर पुढच्या वर्षीचा बहार मार खातो. त्या शेजाऱ्यांना मी विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची? यंत्राची असेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, पाणी कोणत्या दिवशी बंद करायचं याची.

दुसरी काळजी गाद्यांची. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांवर रबराच्या जाड गाद्या असतात. काहींच्या आत अक्रोडाच्या टरफलांचा भरडा भरलेला असतो, म्हणजे गादी दबली की खोडाच्या उंचवट्या-खोलग्यांप्रमाणे बसते आणि दाब एका जागी साचत नाही. गादीवरून रबरी पट्ट्याचं आवरण लोंबतं आणि दोघांच्या मध्ये वंगण असतं. ते वंगण पाहून मी थबकलो. थोडंफार घसरणं होणारच, तर ते गादी आणि पट्टा यांच्यात होऊ दे, पट्टा आणि साल यांच्यात नको, असा तो विचार आहे. वंगण सुकलं की गादी तापते आणि घर्षण सालीवर येतं. चालक मधूनमधून उतरून गादीला उलटा हात लावून बघत होता, आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा.

आडवा, काटकोनातला दाब साल पुष्कळ सोसते. तिरकी ओढ आणि पीळ मात्र तिला सोसत नाही. म्हणून यंत्र खोडाला सरळ भिडलं पाहिजे. यासाठी रोप लावल्यापासूनच तयारी करतात : खोडाला पहिल्या फांदीपर्यंत दीड-दोन हात मोकळी जागा ठेवतात आणि तीन-चार वर्षांच्या कोवळ्या झाडांना अगदी थोडंच हलवतात.

त्या बागेत एक झाड चालकाने सोडून दिलं. मी जवळ जाऊन पाहिलं. आदल्या हंगामात साल फाटली होती. तळहाताएवढी जागा उघडी, कडा वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या वर वळलेल्या आणि कडेने मधाच्या रंगाचे डिंकाचे मणी. एक मणी बोटाने दाबला तर वरून कडक, आत मऊ. डिंक म्हणजे झाड आतून झुंजत असल्याची खूण. अशा ताज्या जखमेवर रसाच्या वासाने बारीक भुंगेरे आणि माश्या येतात आणि सेराटोसिस्टिस नावाची बुरशी सोबत आणतात. मग खोड आतून वर्षानुवर्षं सडत जातं. साल फाटलीच तर सुटलेला भाग लगेच धारदार चाकूने चांगल्या सालीपर्यंत साफ कापून काढतात, म्हणजे जखम लवकर वाळते.

या रोगाचं तिथलं जुनं नाव ऐकून मी चकित झालो. त्याला ‘मोगरीच्या घावाचा रोग’ म्हणायचे. यंत्रं येण्याआधी मजूर फांद्यांवर रबरी मोगऱ्या हाणून आणि काठ्यांनी झोडपून बदाम पाडत, आणि प्रत्येक घावाच्या जागी हा रोग शिरायचा. हाताने काढलं म्हणजे झाडाला जपलं, असं आपण धरून चालतो. ताई, तुमच्या मनातही तेच असणार. पण काश्मीरचे अक्रोड बघा. तिथली जुनी झाडं चार-पाच मजली उंच, माणसं वर चढून लांब काठ्यांनी झोडपतात. पुढच्या वर्षीची कोवळी डहाळी तर मोडतेच, पण दर सप्टेंबरमध्ये माणसं पडून दगावतात, कुणाची पाठ कायमची जाते. त्या खोडांना कुठलाच चिमटा पुरणार नाही. तिथे ठेंगण्या कलमांची नवी लागवड हाच रस्ता आहे, आणि तो लवकर धरावा असं मला फार वाटतं.

आता भावोजींचा काजू. त्यांना माझ्यातर्फे सांगा की अडचण यंत्राच्या ताकदीची नाहीच. बदाम एका जातीचा सगळा जवळपास एकाच वेळी पिकतो. काजूच्या झाडावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच फांदीला मोहोर, वाटाण्याएवढी फळं, हिरव्या बिया आणि पिकलेली बोंडं, सगळं एकत्र नांदत असतं. फुलापासून काजूबी पक्व व्हायला सुमारे दोन महिने लागतात. खोड हलवलं तर आजची पाच किलो बी मिळेल आणि पुढच्या दोन महिन्यांची गळून जाईल. शिवाय काजूचं कलम बुंध्यापासूनच फांद्या पसरतं, चिमट्याला सरळ खोड मिळत नाही, आणि कातळाच्या उतारावर ते यंत्र उभं राहणंच कठीण. तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. काजूचा खोडकिडा सालीच्या भेगांत आणि जखमांत अंडी घालतो. तुम्ही साल दुखवलीत की त्याला दार उघडून दिलंत. भुसा दिसायला लागेपर्यंत अळी आत खोल गेलेली असते.

वेंगुर्ल्याला आमच्या आजोळी काकांची तीस-चाळीस झाडं होती. लहानपणी मी आकडीने बोंडं ओढायला गेलो की ते ओरडायचे, “काजी पाडू नको रे, पडूं दी!” पडलेली बी पूर्ण भरलेली असते. शंका असेल तर बादलीभर पाण्यात टाका, पक्की बुडते, पोचट आणि कच्ची तरंगते. भावोजींनी हंगामाआधी झाडाखालचं गवत आणि पाला साफ करून घ्यावा, उताराच्या बाजूला जाळी अंथरून तिचा खालचा काठ वर बांधावा, म्हणजे बिया घरंगळत एका ओळीत येऊन थांबतात. दोन-तीन दिवसांआड वेचणी केली तरी चालते, आणि वाकून शोधण्यात जाणारा अर्धा वेळ वाचतो. वेचल्यावर बोंडू पिळून बी वेगळी करून दोन-तीन दिवस कडक उन्हात. मजुरीची बचत तिथे आहे. खर्च करायचाच असेल तर जाळ्यांवर करा.

प्रश्न : बदाम यंत्राने जमिनीवर पाडून आठवडाभर मातीत ठेवतात असं ऐकलं. आम्ही मशीद बंदरहून हंगामाचा किलो-दोन किलो आणतो. ते स्वच्छ असतात का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : ऐकलंत ते बरोबर. झाडाखाली ७ ते १० दिवस वाळवतात, मग झाडून रांगा लावतात आणि यंत्राने उचलतात. पण त्या वेळी बदाम बाहेरच्या कवचात आणि टणक टरफलात असतो, गर मातीला थेट लागत नाही. तरीही २००१ आणि २००४ मध्ये कच्च्या बदामातून साल्मोनेलाची लागण झाल्यावर २००७ पासून अमेरिकेने स्वतःच्या बाजारासाठीच्या बदामांवर जंतुनाशक प्रक्रिया सक्तीची केली. आपल्याकडे येणारा बराचसा माल टरफलासकट येतो आणि इथे फोडला जातो, त्याला ती सक्ती नाही. म्हणून वाहत्या पाण्यात धुवा, रात्री भिजवताना पातेलं फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी साल काढून खा. घरात तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर भाजून घेतलेले बरे.

पिस्त्याचं शिंपलं झाडावरच उघडतं, त्यामुळे तो जमिनीवर पडूच देत नाहीत. झाडाखाली उतरती चौकट धरून वरच्यावर झेलतात आणि बाहेरची साल २४ तासांच्या आत काढतात, नाहीतर शिंपल्यावर डाग पडतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात बदामाचं मोठं झाड आहे. फळं गाड्यांवर पडून डाग पडतात, म्हणून वॉचमन आणि मुलं फांदीला दोर बांधून रविवारी एकदाच सगळं झाड हलवतात. कमिटीत यावरून वाद आहे. झाडाला त्रास होतो का? (एक वाचक, विलेपार्ले पूर्व)

उत्तर : तुमची सोसायटी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर निघाली, म्हणून गेल्या बुधवारी पाऊस थांबल्यावर मी स्वतःच जाऊन आलो. आधी एक सांगायला हवं. हा आपला देशी बदाम खाण्याच्या बदामाचा कुणीच लागत नाही. तो बदाम गुलाब-पीचच्या कुळातला. हा आपल्या ऐन, अर्जुन आणि हिरड्याचा भाऊ. आतला लांबट गर खाता येतो, पोरांना तो ठाऊक असतोच.

तुमच्या झाडाच्या दुसऱ्या मजल्याच्या फांदीला निळा नायलॉनचा दोर बांधलाय आणि तो कुणी सोडतच नाही. शिडी घेऊन वर पाहिलं. दोराखाली साल दोन बोटं रुंद घासून गेली आहे. खालच्या बाजूला ती गुंडाळी होऊन गोळा झाली आहे आणि मधलं लाकूड उघडं आहे. कडेला बोट लावलं तर साल ओली, आणि जरा ढकलली तर सरकली. पहिल्या पावसानंतर झाड रसात आलंय, त्यात दोराची ही ओढ. यंत्र सेंटिमीटरभर हलवतं, तेही गादी लावून. तुमची मुलं दोराने फांदी दोन-दोन हात वाकवतात, सगळा ताण दोराच्या रेघेवर आणि फांदी खोडाला मिळते त्या बेचक्यावर येतो. देशी बदामाच्या फांद्या आडव्या, छत्रीच्या काड्यांसारख्या असतात, बेचकं कमजोर झालं की वादळी वाऱ्यात फांदी आवारात येते. गाडीवरच्या डागापेक्षा ते केवढ्याला पडेल याचा विचार कमिटीने करावा.

करायचं काय, तर दोर आजच सोडा. गाड्या उभ्या राहतात तेवढ्या भागावर पहिल्या मजल्याच्या उंचीला मच्छीमारांची जुनी जाळी बांधा, आठवड्याने रिकामी करा. फांदी छाटायची असेल तर १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घ्या आणि त्यांच्याच माणसांकडून करून घ्या. घासलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासू नका. सुटलेली साल तेवढी धारदार चाकूने साफ करा आणि जखम उघडी राहू द्या.

वॉचमनमामांनी माझ्यासमोरच दोर सोडला. गाठ इतकी आवळली होती की ती सोडायला त्यांना पकड आणावी लागली. त्या जागेचा फोटो मी कमिटीच्या सेक्रेटरींना पाठवलाय. दिवाळीनंतर पुन्हा येऊन कडेने नवी साल किती पुढे सरकली ते मोजून जाईन.